शेजार जुळतो कसा, तुटतो कसा?

युद्ध संपते तेव्हा बंदुका थांबतात, पण वाद सुरू होतो. पुढे काय करायचे? झालेले विसरायचे, की त्याचा हिशेब मागायचा? शेजाऱ्याशी व्यवहार ठेवायचा, की दार लावून घ्यायचे? युरोपातल्या राष्ट्रांनी हा वाद एका पद्धतीने घातला, भारतीय उपखंडाने दुसऱ्या. दोन्हींचे परिणाम आज आपल्यासमोर आहेत. बंगळूरच्या एका गजबजलेल्या उपनगरापासून सुरू होणारी ही कहाणी.

बंगळूरच्या पूर्वेला मारतहळ्ळी आहे. एके काळचे हे खेडे आता शहराच्या पोटात गेले आहे. बाहेरचा वर्तुळाकार रस्ता आणि जुना विमानतळ रस्ता इथे एकमेकांना भेटतात. संगणक कंपन्यांत काम करणारी हजारो तरुण माणसे रोज या चौकातून जातात. त्यांत कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची मराठी मुलेही पुष्कळ. गावाच्या नावाबद्दल अनेक कथा आहेत. कुणी म्हणते इथे मराठ्यांची वस्ती होती, तर कुणी हे नाव जवळच्याच कारखान्यात तयार झालेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी जोडते. नावाचे मूळ काहीही असो, मारतहळ्ळीचे नशीब त्या कारखान्याशी आणि त्याच्या धावपट्टीशी बांधले गेले, हे मात्र खरे.

हा कारखाना म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स. डिसेंबर 1940 मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, त्याची स्थापना केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साह्याने. पुढे सरकारने तो ताब्यात घेतला. युद्धाच्या काळात अमेरिकन हवाई दलाची विमाने इथे दुरुस्त होत. म्हणजे सोलापूरच्या एका उद्योजकाने लावलेले हे रोप युद्धाच्या पाण्यावरच वाढले.

युद्ध संपल्यावर 1956 मध्ये याच कारखान्यात एक जर्मन माणूस आला, कुर्ट टांक. हिटलरच्या जर्मनीसाठी ‘फोके-वुल्फ 190’ हे गाजलेले लढाऊ विमान याच अभियंत्याने आखले होते. पराभूत जर्मनीवर विमाने बांधण्याची बंदी आली, म्हणून टांक आधी अर्जेंटिनाला आणि तिथून भारतात आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले ‘मारुत’ 17 जून 1961 रोजी प्रथम उडाले. ते उडवणारे वैमानिक सुरंजन दास 1970 मध्ये ‘मारुत’च्याच अपघातात गेले. कारखान्याजवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ही विमाने लढली.

टांक बंगळुरात भारतासाठी युद्धाची विमाने आखत होते, त्या वेळी त्यांच्या मायदेशात काय चालले होते? तिथे राजकारणी मंडळी एका विचित्र प्रयोगात गुंतली होती. ज्या वस्तूंशिवाय युद्ध करताच येत नाही, त्या वस्तू शेजाऱ्याच्या आणि आपल्या सामाईक ताब्यात देण्याचा तो प्रयोग होता.

कोळसा आणि पोलाद

फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीन वेळा लढले: 1870, 1914 आणि 1939. प्रत्येक युद्धाने पुढच्या युद्धाचे बी पेरले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून जबर खंडणी मागितली गेली, आणि त्या अपमानावरच हिटलर पोसला गेला. 1945 नंतर फ्रान्समध्ये पुन्हा तोच सूर उमटला. जर्मनीचे उद्योग मोडा, तिचा कोळसा काढून घ्या, तिला पुन्हा डोके वर काढू देऊ नका.

हा सूर चुकीचा होता असे कोण म्हणेल? ज्यांची घरे जळली, मुले गेली, त्यांचा राग खोटा नव्हता. पण 9 मे 1950 रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी वेगळाच प्रस्ताव मांडला. त्यामागे झाँ मोने या कल्पक माणसाचे डोके होते. फ्रान्स आणि जर्मनी यांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक अधिकारी मंडळाच्या हाती द्यावा, आणि इतर देशांनाही त्यात येण्याची मुभा असावी, असा तो प्रस्ताव. पोलाद दोघांचे झाले की एकाला गुपचूप तोफा ओतता येणार नाहीत, हा त्यातला साधा हिशेब.

शूमान यांचे आयुष्यच सीमेवर गेले होते. वडील लॉरेन प्रांतातले, जन्म लक्झेंबर्गचा. तो प्रांत जर्मनीकडे असल्याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ते जर्मन नागरिक होते. त्यांचे इटालियन सहकारी दे गास्पेरी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मले होते आणि तिथल्या संसदेत बसले होते. जर्मनीचे आडेनाउअर ऱ्हाइनकाठच्या कोलोनचे महापौर होते. तिघेही एकमेकांशी जर्मन भाषेत बोलू शकत. सीमा हलली की माणसाच्या आयुष्याचे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको!

मात्र सारे टाळ्यांच्या गजरात पार पडले, असे कुणी समजू नये. जर्मनीत समाजवादी नेते कुर्ट शूमाखर यांनी योजनेला कडाडून विरोध केला. नाझींच्या छळछावण्यांत सुमारे दहा वर्षे काढलेला हा माणूस. त्यांना भीती वाटे की, यामुळे देशाची फाळणी कायमची होईल आणि जर्मनी दुय्यम ठरेल. फ्रान्समध्ये द गॉलचे अनुयायी आणि कम्युनिस्ट, दोघेही विरोधात होते. इंग्लंडने तर सामील व्हायलाच नकार दिला. तरी 18 एप्रिल 1951 रोजी सहा देशांनी करारावर सह्या केल्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग. मग संसदेत वाद झाला, मतदान झाले.

पुढचे पाऊल घसरलेदेखील. सहा देशांचे एकत्रित सैन्य उभारण्याची योजना फ्रान्सच्याच संसदेने 30 ऑगस्ट 1954 रोजी फेटाळली. सैन्याचे जमत नाही म्हणताच मंडळी व्यापाराकडे वळली आणि 25 मार्च 1957 रोजी रोम येथे सामाईक बाजारपेठेचा करार झाला. आजच्या युरोपीय संघाची ती पायाभरणी.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कोळसा-पोलादाचा करार झाला तेव्हा फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातला सीमावाद मिटलेला नव्हता! सार हा कोळशाने समृद्ध प्रांत फ्रान्सच्या आर्थिक ताब्यात होता आणि जर्मनी तो मागत होती. तो प्रश्न सुटेपर्यंत थांबू, असे कुणी म्हटले नाही. सहकार्य सुरू झाले आणि सारचा वादही सुरू राहिला. 1955 मध्ये तिथल्या जनतेने मतदान केले, आणि 1957 च्या पहिल्या दिवशी सार शांतपणे जर्मनीत गेला.

इकडे ताग, तिकडे गिरण्या

आता आपल्या अंगणात येऊ. ज्या मे महिन्यात शूमान यांनी घोषणा केली, त्याच्या अवघा एक महिना आधी, 8 एप्रिल 1950 रोजी, दिल्लीत नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांनी अल्पसंख्याकांच्या रक्षणाचा करार केला. त्याच्या विरोधात श्यामाप्रसाद मुखर्जी आणि के. सी. नियोगी हे दोन मंत्री नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यांचे अश्रू पाहणाऱ्याला कागदावरचा करार अपुरा वाटला, तर नवल नाही.

पण एक गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. फाळणीने केवळ माणसे तोडली नाहीत, धंदाही उभा चिरला. ताग पिकायचा पूर्व बंगालात आणि तागाच्या गिरण्या हुगळीकाठी. उत्तम कापूस पश्चिम पंजाब-सिंधमध्ये आणि कापडाच्या गिरण्या मुंबई-अहमदाबादेत. जर्मनीचा कोळसा आणि लॉरेनचे लोखंड यांचे जे नाते, तेच इथे ताग आणि गिरणीचे होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पाकिस्तानच्या निर्यातीचा अर्ध्याहून अधिक भाग भारतात येत होता. म्हणजे सामाईक बाजार नव्याने उभा करण्याची गरजच नव्हती. तो होताच. फक्त सांभाळायचा होता.

तो सांभाळला गेला नाही. सप्टेंबर 1949 मध्ये इंग्लंडने पौंडाचे अवमूल्यन केले. भारतानेही रुपया उतरवला, पाकिस्तानने मात्र नकार दिला. दर कोणता धरायचा यावरून भांडण जुंपले आणि दोन्ही देशांतला व्यापार जवळजवळ ठप्प झाला. पुढे भारताने आपला ताग पिकवला, पाकिस्तानने आपल्या गिरण्या उभारल्या. दोघांनीही स्वावलंबनाचा अभिमान बाळगला. पण परस्परांची गरज संपली, तशी परस्परांची भीडही संपली.

पाण्याच्या बाबतीतही असेच घडले. सिंधू खोऱ्याचा विकास दोन्ही देशांनी मिळून करावा, अशी कल्पना अमेरिकेचे डेव्हिड लिलिएंथाल यांनी 1951 मध्ये मांडली. जागतिक बँकेने मध्यस्थी केली. पण 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत जो करार झाला, तो पाणी एकत्र वापरण्याचा नव्हता, नद्या वाटून घेण्याचा होता. पूर्वेच्या तीन नद्या भारताला, पश्चिमेच्या तीन पाकिस्तानला. लोकसभेत त्यावरही टीका झाली. तरीही हा करार तीन युद्धांत टिकला. अखेर पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल 2025 मध्ये भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले.

1965 चे कुलूप

आज अनेकांना वाटते की भारत-पाकिस्तानमधला संपर्क 1947 मध्येच तुटला. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबई-कराची बोट 1965 पर्यंत चालू होती. राजस्थानातल्या मुनाबावहून सिंधमधल्या खोखरापारला रेल्वे जात होती. कोलकात्याहून पूर्व बंगालातही गाड्या जात. सिंध तर 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतली 1855 साली निघालेली एक जुनी शाळा आजही शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते.

1965 च्या युद्धाने या साऱ्या वाटांना कुलूप घातले. युद्धानंतर लालबहादूर शास्त्री ताश्कंदला गेले. सोबत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. 10 जानेवारी 1966 रोजी करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. देशात त्या करारावर दुःखाची सावली पडली ती कायमची. जिंकलेला हाजीपीर परत का दिला, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे विचारला गेला. बोटीचे काय, रेल्वेचे काय, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

1971 नंतरही तसेच. 2 जुलै 1972 च्या सिमला कराराने जिंकलेला मुलूख परत गेला. जनसंघाने त्याला जोरदार विरोध केला. भुट्टोंनाही घरी टीका ऐकावी लागली. या करारातून एक तत्त्व पक्के झाले. दोघांतले प्रश्न दोघांनीच सोडवायचे, तिसरा नको. भारताच्या दृष्टीने ते रास्तच होते. पण या तत्त्वाची छाया पुढे साऱ्या शेजारावर पडली.

बंगळूरची परिषद

1980 साली बांगलादेशाचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी दक्षिण आशियाच्या देशांनी एकत्र यावे, असे पत्र शेजाऱ्यांना पाठवले. दिल्लीत शंका आली की, लहान देश एकजुटीने भारताला घेरणार. इस्लामाबादेत शंका आली की, भारत या निमित्ताने सर्वांवर वर्चस्व गाजवणार. दोन्हीकडच्या शंका मिटवायला पाच वर्षे लागली. मे 1981 मध्ये झियाउर यांची हत्या झाली. स्वतःच्या कल्पनेचे फळ त्यांना पाहता आले नाही. 8 डिसेंबर 1985 रोजी ढाक्यात ‘सार्क’चा जन्म झाला. सनदेत दोन अटी ठळकपणे आल्या: प्रत्येक निर्णय एकमताने, आणि दोन देशांतले वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर.

या संघटनेची दुसरी शिखर परिषद 16 आणि 17 नोव्हेंबर 1986 रोजी बंगळुरात भरली. पाहुण्यांसाठी शहराचे दार म्हणजे मारतहळ्ळीच्या रस्त्यावरचे तेच विमानतळ. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री होते. यजमान राजीव गांधी. पाहुण्यांत पाकिस्तानचे जुनेजो, श्रीलंकेचे जयवर्धने, बांगलादेशाचे इर्शाद, मालदीवचे गयूम, आणि नेपाळ व भूतानचे राजे. ‘मारुत’ बांधणाऱ्या धावपट्टीच्या गावी शांततेची बोलणी व्हावीत, हाही एक योगच!

परिषदेत काही चांगले निर्णय झाले. काठमांडूला सचिवालय उभारण्याचा करार झाला आणि ते जानेवारी 1987 मध्ये सुरूही झाले. 1990 पर्यंत सर्व मुलांना लसीकरण, प्राथमिक शिक्षण, पिण्याचे पाणी, माता-बालकांचे पोषण यांचे संकल्प सोडले गेले. सात देशांच्या मुलांबद्दल सात नेते एका टेबलावर बोलले, ही लहान गोष्ट नव्हती.

मात्र खरी नाट्यमय घडामोड टेबलाबाहेर चालली होती. श्रीलंकेच्या तामिळ प्रश्नावर तोडगा निघावा म्हणून राजीव गांधी आणि जयवर्धने बोलत होते, आणि ‘एलटीटीई’चा नेता प्रभाकरन याला मद्रासहून बंगळुरात आणले होते. बोलणी फिसकटली. म्हणजे ज्या प्रश्नावर माणसे मरत होती, तो सनदेनुसार परिषदेत काढायचाच नव्हता. तो बंद खोलीत चर्चिला गेला आणि तिथेच अडकला. परिषद संपून काही आठवडे होतात न होतात तोच, 1987 च्या जानेवारीत भारत आणि पाकिस्तानच्या फौजा सीमेवर समोरासमोर उभ्या राहिल्या.

वाद टाळण्याची किंमत

घरात दोन भावांचा वाटणीचा तंटा असला, की लग्नकार्यात त्याबद्दल बोलायचे नाही असे ठरते. कार्य पार पडते. पण तंटा तसाच राहतो, आणि पुढच्या कार्याला एक भाऊ येतच नाही. ‘सार्क’चे नेमके हेच झाले. वाद चर्चेबाहेर ठेवला, पण एकमताची अट ठेवल्यामुळे तोच वाद दारातून आत येऊन बसला. एकाने मान फिरवली की बैठकच होत नाही. मुक्त व्यापाराचा करार 2004 मध्ये झाला, 2006 पासून अमलातही आला. तरी या देशांच्या एकूण व्यापारात आपसातला वाटा जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास आहे. युरोपीय संघात तो निम्म्याहून जास्त आहे. शेवटची शिखर परिषद 2014 मध्ये काठमांडूत झाली. 2016 मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर इस्लामाबादची परिषद रद्द झाली, ती पुन्हा भरलेली नाही.

दोष सनदेचाच आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. शूमान यांच्या जर्मनीने आपला गुन्हा मान्य केला होता. तिथे दोन्हीकडे निवडून आलेली सरकारे होती, आणि डोक्यावर अमेरिकेची मदत व रशियाची भीती होती. शेजारी दहशतवाद्यांना थारा देत असताना व्यापाराच्या गप्पा मारा, असे मुंबईच्या 26 नोव्हेंबर 2008 च्या जखमा पाहिलेल्या मराठी माणसाला कुणी सांगू शकणार नाही. विश्वासाशिवाय बाजार उभा राहत नाही, हेही तितकेच खरे.

तरीही याच उपखंडात वाद मिटवल्याची उदाहरणे आहेत. भारत-बांगलादेश सीमेवर 162 लहानमोठे तुकडे होते. 111 भारताचे बांगलादेशात, 51 त्यांचे आपल्यात. तिथल्या पन्नास हजारांवर माणसांना शाळा, दवाखाना, मतदान यांपैकी काहीच धड नव्हते. इंदिरा गांधी आणि मुजीब यांनी 1974 मध्ये करार केला. पण संसदेची मंजुरी मिळायला 41 वर्षे लागली. न्यायालये झाली, आसाम-बंगालमध्ये आंदोलने झाली, 2013 मध्ये विधेयक अडले. अखेर मे 2015 मध्ये लोकसभेने घटनादुरुस्ती एकमताने मंजूर केली आणि 31 जुलैच्या मध्यरात्री ती माणसे एका देशाची झाली. वाद उघडपणे झाला, म्हणूनच तो पक्का मिटला.

मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर बेळगावचे घ्यावे. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात. वाद मिटलेला नाही. कधी तापतो, बसवर दगडही पडतात. पण चार दिवसांनी एसटी पुन्हा सुटते. सोयरिकी होतात, भाजीचे ट्रक जातात, आणि त्याच सीमाभागातला मुलगा नोकरीसाठी मारतहळ्ळीत खोली घेऊन कन्नड शिकू लागतो. वाद आणि व्यवहार एकाच वेळी चालू शकतात, हे आपण रोज पाहतो.

मारतहळ्ळीचे ते विमानतळ मे 2008 मध्ये नेहमीच्या प्रवासी वाहतुकीसाठी बंद झाले. राष्ट्रप्रमुखांच्या गाड्या धावल्या तो रस्ता आता ऑफिसच्या बसगाड्यांनी तुंबतो. त्याच्या कडेच्या हॉटेलांत आणि इमारतींच्या फाटकांवर नेपाळहून आलेली माणसे काम करताना दिसतात. त्यांना इकडे यायला व्हिसा लागत नाही. 31 जुलै 1950 रोजी भारत आणि नेपाळ यांनी केलेल्या करारापासून एकमेकांच्या देशात राहण्याची आणि काम करण्याची मुभा दोन्हीकडच्या लोकांना आहे. त्या करारावरही काठमांडूत आणि दिल्लीत वाद होत आले आहेत. सीमेच्या नकाशांवरून आजही खटके उडतात. पण रात्रपाळी संपवून गावाकडे पैसे पाठवणाऱ्या त्या माणसाची वाट कुणी अडवलेली नाही.